दस्त्याला घाम फुटतो

सौना तापवलाय सत्तर अंशांवर,
आज माझ्यासाठी नाही.
वरच्या बाकावर, जुन्या वर्तमानपत्रांवर
आडवा पडलाय बंदुकीचा दस्ता,
नळीविना, चापाविना,
नुसतं लाकूड.
रौनी दारातून डोकावते:
"पाहुण्याला टॉवेल दिलास का?"

त्याला घाम फुटतो सावकाश,
काळपट, काकवीसारखा दाट.
गोदामातल्या पेटीत निजवण्यापूर्वी
कुणीतरी अंगभर फासलेलं ग्रीस
इतक्या वर्षांनी थेंबाथेंबानं
कबूल होतंय.
मी चिंधीनं टिपतो, पुन्हा थेंब.
तापलेल्या माणसाचं करावं तसं करतो,
फक्त याचं कपाळ कुठलं ते मला ठाऊक नाही.

कायानीच्या लिलावात मिळाली.
कुणाची होती, कागदावर नाही.
कागदावर एक आकडा
आणि "वापरण्यायोग्य" असा शिक्का.
नळी, खटका कपाटात कुलूपबंद,
परवान्यावर पोलिसांची सही.
मला हवं होतं ते हे.
चाळीस वर्षं खुर्च्यांचे पाय बसवले,
चर्चची डुगडुगणारी बाकं सरळ केली,
पण गालाला टेकायला घडवलेलं लाकूड
कधी हाताखालून गेलं नव्हतं.

बर्चचं आहे. खरं तर दोन बर्चांचं:
पुढचा भाग एका झाडाचा, मागचा दुसऱ्याचा,
मधे सांधा,
दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा.
ज्यानं कापला त्याला घाई असणार,
युद्ध होतं.
तरी फटीत सुईचं टोक शिरत नाही.
असला माणूस मी ओळखतो.
घाई झाली की तो आधी
करवत पुसून घेतो.

मग खळगे.
ओलं फडकं, वर रौनीची इस्त्री,
(तिला सांगितलेलं नाही)
चर्र होतं, वाफ उठते,
आणि दबलेले तंतू पाणी पिऊन
वर येतात, झोपेतून उठल्यावर
गालावरचा उशीचा वळ विरतो तसे.
सतरा मोजले होते. पंधरा गेले.
सोळावा अर्धा.
सतरावा खळगा नव्हताच.
ती चीर होती, चाकूची,
ग्रीसनं बुजलेली. शेजारी आणखी तीन,
चौघींना छेदून एक तिरकी,
मग थोडी जागा सोडून
एकच उभी.

दाबलेलं लाकूड उठतं.
कापलेलं उठत नाही.
कितीही पाणी पाजा.

"माणसं?" ओत्सोनं विचारलं. माझा भाचा, वय एकोणीस,
पुढच्या महिन्यात बराकीत जायचाय.
"दिवस," रौनी म्हणाली, "रजेपर्यंतचे."
"सहाच?"
"सहाच उरले असतील."
मी म्हटलं, एल्क असतील, बर्फात अडकलेल्या गाड्या असतील,
पत्त्यांत हरलेल्या सिगारेटी असतील.
बोलता बोलता मलाच माझं खोटं वाटलं.

"पॉलिश पेपर मार ना, पाच मिनिटांचं काम."
मी पेपर घेतला. घडी घातली.
आधी, सवयीनं, अंगठा फिरवून पाहिला.
रेघांच्या कडा बोथट होत्या,
मऊ, जिन्याच्या पायरीसारख्या झिजलेल्या.
कोरून झाल्यावरही कुणीतरी
अंधारात, हातमोजा काढून,
पुन्हा पुन्हा मोजलं होतं.

पेपर खणात परत गेला.

आता जवसाचं तेल, चमचाभर पाइनचं डांबर.
दिवसभर तासातासाला,
आठवडाभर दिवसाआड,
तळव्याच्या उबेनं चोळायचं, मुरू द्यायचं,
उरलेलं पुसायचं.
रेघांत तेल जरा जास्तच उतरतं,
त्या गडद दिसतात.
ओत्सोला तेही शिकवलं. तो निमूट चोळत राहिला,
सहाव्या रेघेपाशी थोडा थांबून.

संध्याकाळी त्यानं तेलाच्या चिंध्यांचा
बोळा केला, बादलीत टाकायला निघाला.
रौनीनं मनगट धरलं:
"मुठीत गुंडाळून ठेवायच्या नाहीत या.
काडी न लावता पेटतात, रात्री."
मग दोघं बाहेर गेली, उणे बारात,
कुंपणावर एकेक चिंधी
सुटी करून पसरायला.